आकाशातल्या गाड्यांचं वेळापत्रक

आमच्या घराच्या जिन्याला कायम चहापत्तीचा वास यायचा. औरंगाबादेतल्या शहागंजात, घड्याळाच्या टॉवरपासून दोन गल्ल्या आत, मोईनचाचांचं चहापत्तीचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या डोक्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. खाली चाचा पेट्या फोडायचे, पत्ती चाळायचे, एका पत्तीत दुसरी मिसळून तळहातावर घेऊन हुंगायचे आणि त्यातला सगळा बारीक चुरा वर आमच्याकडे यायचा. आईच्या पातळांना, अण्णांच्या खाकी कपड्यांना, माझ्या वह्यांना तो वास चिकटलेला असायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला पहिल्याच तासाला चहाची तल्लफ यायची आणि तिचा सगळा राग ती माझ्यावर काढायची. आम्हाला स्वतःला मात्र तो वास कधी जाणवला नाही. गल्लीतल्या आवाजांचंही तसंच. सकाळी शटर वर जाण्याचा खडखडाट, हातगाडीवाल्यांची भांडणं, मशिदीतली अजान, समोरच्या तांब्या-पितळेच्या दुकानातली ठोकाठोक, या सगळ्यात मी अभ्यास केला. पुढे नोकरीच्या गावी क्वार्टर मिळालं तेव्हा तिथल्या शांततेत मला कित्येक दिवस एक पान धड वाचता आलं नव्हतं.

अण्णा मूळचे पाचोडचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावरच्या त्या छोट्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माइकवर सांगणारा आवाज अण्णांचा. घरी आले तरी तो आवाज काही उतरायचा नाही. ताट वाढलं की "भाकरी फलाटाला लागली" म्हणायचे, आणि मी आंघोळीला वेळ लावला की दाराबाहेरून "ही गाडी सुटायला लई उशीर होतोय" अशी घोषणा व्हायची. गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. पण त्या वेळांवर घर चालवायचं काम आईचं होतं, आणि त्यासाठी तिने एक युक्ती केली होती. आमच्या भिंतीवरचं घड्याळ ती पाव तास पुढे ठेवायची. लग्नानंतर सुरुवातीला कधीतरी अण्णांची ड्युटी चुकली होती म्हणे, तेव्हापासून हा नियम. गंमत म्हणजे घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मनातल्या मनात पाव तास वजा करायचे, म्हणजे युक्तीचा उपयोग शून्य. तरी घड्याळ मागे घ्यायची छाती कुणाची नव्हती. आईला वेळ विचारली तर ती घड्याळाकडे बघून, वजाबाकी करूनच बरोबर वेळ सांगायची. पाहुणे मात्र फसायचे. "बाप रे, इतके वाजले!" म्हणून अर्धा कप चहा टाकून धावत सुटायचे आणि स्टँडवर जाऊन ताटकळत बसायचे.

माझी मोठी बहीण उषा. तिचं लग्न झालं आणि ती बेळगावच्या पुढे एका गावात गेली. अण्णांच्या हिशेबात ते काही फार लांब नव्हतं, कारण कुठल्या गाडीने कुठे उतरून पुढची कुठली पकडायची हे ते झोपेतही सांगू शकत. आईच्या हिशेबात मात्र पोर दुसऱ्या मुलखात गेली होती. वर्षाकाठी एकदा माहेरी यायची ती. बाकीचे दिवस आई भाकरीचं पीठ मळताना एक उंडा जास्तीचा करायची, मग लक्षात आलं की तो परत पिठात दाबून टाकायची. मला ते दिसायचं.

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे सोळुंके सर कॉलेजच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची एक अँटेना घेऊन उभे राहायचे आणि पोरं त्यांना हसायची. मीही आधी हसले. मग एके दुपारी सरांनी ती अँटेना माझ्या हातात दिली, म्हणाले, "शोभा, ती उत्तरेकडे धर आणि मी सांगेन तशी हळूहळू फिरव." आधी तिला जोडलेल्या रेडिओतून नुसती खरखर ऐकू आली. मग खरखरीच्या आतून एक बारीक टिट्-टिट् वर आलं. मी अँटेना जरा हलवली की ते बुडायचं, परत नीट धरली की वर यायचं. एक उपग्रह आमच्या डोक्यावरून चालला होता आणि त्याची शिट्टी मी हाताने पकडून ठेवली होती. ती शिट्टी सुरुवातीला चढी होती, मग उतरत उतरत गेली. असं का, म्हणून मी घरी आल्यावरही विचार करत बसले होते. अण्णांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "हायवेला उभं राह्यलं का गाडीचा हॉर्न तसाच उतरतो. येताना बारीक, जाताना भसाडा." शंभर टक्के बरोबर होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

उपग्रह कधी येणार हे सरांना कसं कळतं, हा माझा पुढचा प्रश्न. उत्तर एका प्रोग्राममध्ये होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी कॉलेजातला एक मोडीत काढलेला संगणक आणि दोन फ्लॉप्या माझ्या हवाली केल्या. अण्णांनी तो रिक्षातून मांडीवर घेऊन आणला. संगणक तसा चांगला होता, फक्त आतला सेल गेलेला असल्यामुळे तो दर वेळी बंद झाला की तारीख-वेळ विसरायचा आणि चालू करताना आधी आपल्याला विचारायचा. आईने त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातला. माझ्या मैत्रिणींच्या घरी टीव्हीवर जो घालतात तसाच.

तो प्रोग्राम म्हणजे आजच्या मुलांना दाखवला तर ती हसतील. काळ्या पडद्यावर जगाचा नकाशा हिरव्या रेघांनी काढलेला आणि त्यावर सरकणारे ठिपके, बस्स. एकेका उपग्रहाच्या वाटचालीची माहिती आकड्यांच्या दोन ओळींत मावलेली असायची. त्या ओळी सर दर थोड्या दिवसांनी कुठून कुठून नव्याने मिळवून आणायचे, कारण त्या शिळ्या होत, आणि शिळ्या ओळींवर काढलेलं गणित हळूहळू चुकत जाई. प्रोग्राम आला तेव्हा त्याच्या समजुतीप्रमाणे आम्ही युरोपातल्या कुठल्याशा गावात राहत होतो. मी शाळेतला नकाशांचा ॲटलास काढून आपले अक्षांश-रेखांश भरले. समुद्रसपाटीपासूनची उंचीही त्याला हवी होती. अण्णा मागून म्हणाले, "गच्चीची धरायची का तळमजल्याची?" गावाच्या नावाच्या जागी मी तेव्हाचं औरंगाबाद टाइप केलं. आज छत्रपती संभाजीनगर लिहावं लागेल, अक्षांश-रेखांश तेच राहतील. एंटर दाबलं आणि त्या हिरव्या नकाशावर एक लाल ठिपका उमटला. एवढ्या जगात आपण नेमके कुठे उभे आहोत हे मला पहिल्यांदा दिसलं, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला.

मग त्याने यादी दिली. कुठला उपग्रह केव्हा उगवणार, आकाशात किती उंच चढणार, कुठल्या दिशेला मावळणार. अण्णा चष्मा लावून पडद्याला जवळजवळ नाक टेकवून बसले आणि म्हणाले, "आगं, हे तर आमचंच टाइमटेबल हाय!" मी त्यांना सांगितलं, की काही उपग्रह डोक्यावर चढतात आणि काही क्षितिजाला नुसते घासून जातात, ते इमारतींच्या मागेच राहतात. "व्हय, म्हंजे काही फलाटाला लागतात आन् काही बायपासनं जातात," अण्णा म्हणाले. त्यानंतर आमच्या घरात हीच भाषा चालू झाली. पुढे मी उपग्रहांच्या ज्या स्थानकावर काम केलं तिथे या गोष्टींना भारदस्त नावं होती, पण मनात मी आजही बायपासच म्हणते. एकदा एका मोठ्या बैठकीत ते तोंडातून निघून गेलं आणि मला बरंच काही समजावून सांगावं लागलं.

आई या सगळ्यापासून चार हात लांब होती, आणि त्याला कारण होतं. सरांच्या ओळखीने मला दक्षिणेतल्या एका भू-स्थानकावर वर्षभराचं प्रशिक्षण मिळत होतं. उपग्रहांवर नजर ठेवण्याचं काम, मुलींच्या राहण्याची सोय, आणि वर्ष नीट गेलं तर पुढे नोकरी. सरांना सुट्टी संपायच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं. अण्णा म्हणाले, "आधी मला दाखव हे काय आसतं ते. डोळ्यानं बघितल्याबिगर म्या कुणाला पाठवीत नाय." आई म्हणाली, "दाखवायचं बी नाय आन् बघायचं बी नाय. एक गेली तिकडं. आता ही तिच्याहून लांब. मंग आम्ही दोघांनी काय भिंतीकडं बघत जेवायचं?" अण्णा घरातल्या सगळ्या गाड्या लावायचे, पण आईने घंटी दिल्याशिवाय एकही सुटायची नाही. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री उशीवर डोकं ठेवलं तरी तो लाल ठिपका दिसायचा. आणि आईला दुखवून जायचं माझ्यात बळ नव्हतं.

अण्णांना दाखवायचं तर नुसता नकाशा पुरला नसता. मी यादीत शोधत राहिले. त्या काळी माणसं राहत असलेलं एक अंतराळस्थानक पृथ्वीभोवती फिरत होतं आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसायचं, पण दर वेळी नाही. ते आपल्या आकाशात वर हवं, आपल्याकडे अंधारायला लागलेलं हवं, आणि त्याच्यावर मात्र अजून ऊन पडत असलं पाहिजे. गल्लीत दिवे लागल्यावरही टॉवरच्या टोकावर थोडा वेळ ऊन रेंगाळायचं, तसं. या तिन्ही गोष्टी जुळणारी एक संध्याकाळ सापडली. दौलताबादच्या अंगाने उगवून, जवळजवळ डोक्यावरून, पाचोडकडे मावळणार. फलाटाला लागणारी गाडी. अण्णांनी ड्युटी बदलून घेतली. मोईनचाचांनाही सांगितलं, कारण गच्ची त्यांची होती.

त्या दिवशी आईने कुरडया घातल्या होत्या. पहाटेपासून गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून पाडून, गच्चीवर बाजेवर धोतर अंथरून त्यावर वाळत टाकलेल्या. दुपारी आम्ही उरलेला चीक गूळ-दूध घालून खाल्ला. संध्याकाळी मी गच्चीवर खुर्च्या मांडत होते तेवढ्यात लाईट गेली, आणि पाचेक मिनिटांत परत आली. संगणक बंद पडून पुन्हा चालू झाला आणि तारीख-वेळ विचारत बसला. माझ्या हातात खुर्ची. मी वरूनच ओरडले, "आई, आजची तारीख आणि घड्याळात किती वाजलेत ते त्याच्यात टाक गं, मग ते मोठं बटण दाब!" तिने संगणकाच्या कळांना हात लावला तो तेव्हा पहिल्यांदा. एकेक आकडा शोधून तिने टाकला असणार. मी खाली आले तेव्हा प्रोग्राम चालू होता आणि स्थानक उगवायला किती मिनिटं उरली तो आकडा शांतपणे उतरत होता. मी दुसरं काही बघितलंच नाही.

सूर्य मावळल्यावरची मगरिबची नमाज आटोपून मोईनचाचा आले. अण्णा आले. मी पडद्यावरचा आकडा संपत आला तशी सगळ्यांना घेऊन वर गेले आणि दौलताबादच्या दिशेला बोट दाखवून उभी राहिले. आकाश निरभ्र होतं, अजून चांगलं उजळ होतं. आम्ही बघत राहिलो. एक कबुतरांचा थवा गेला. चाचा म्हणाले, "बेटा, बादल भी नै है. किदर गया तुमारा मेहमान?" मी म्हटलं, येईल. मग मनात एकेक शंका यायला लागली. सरांनी दिलेल्या ओळी शिळ्या असतील का? उजेड जास्त असेल का? की शेजारच्या पाण्याच्या टाकीआडून गेलं? मी खाली पळत जाऊन पडदा बघून आले. त्याच्या मते स्थानक आमच्या डोक्यावरून जाऊन मावळलंसुद्धा होतं. अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चला. रद्द झाली आसंल," म्हणाले. ते हसत म्हणाले, पण मला वाटलं गच्चीने मला गिळून टाकावं. "हौ, होता है बेटा. दुकान वैसाच खुला छोडके आया मैं," म्हणत चाचा जिना उतरले. मी संगणकापुढे जाऊन बसले आणि आकड्यांच्या त्या दोन ओळी परत परत तपासू लागले. डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून एकही आकडा धड दिसत नव्हता.

आई एकटी वर राहिली होती, कुरडया गोळा करत. आणि मग तिची हाक आली. "शोभे! आगं ये शोभे! हे काय निघालंय बघ दौलताबादच्या अंगानं!"

मी जिना कसा चढले मला माहीत नाही. टाकीच्या वर, कुठल्याही ताऱ्यापेक्षा तेजस्वी असा एक ठिपका सरळ वर येत होता. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता, घाई नव्हती. विमान नाही हे बघताक्षणी कळत होतं. आई एका हातात कुरडई धरून, मान मागे टाकून उभी होती आणि तिचं तोंड उघडं राहिलं होतं. आकाश आता चांगलं गडद झालं होतं. तो ठिपका आमच्या डोक्यावरून गेला, आम्ही दोघी त्याच्याबरोबर वळलो, आणि अण्णा एका पायात चप्पल घालून धापा टाकत वर पोचले तेवढ्यात पाचोडच्या बाजूला तो लालसर होत होत नाहीसा झाला.

"इझलं," आई म्हणाली. "इझलं की गं!"

"बंद पडली का काय?" अण्णा.

मी सांगितलं की बंद पडलं नाही, ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं. आई अजून तिकडेच बघत होती. "त्याच्यात माणसं हायत म्हणली व्हतीस ना? मंग त्याहीच्याकडं आत्ता रात झाली व्हय?"

"हो. आणि तासाभराच्या आत पुन्हा दिवस उगवेल त्यांचा."

"आगं बाई! मंग ते जेवतात कवा?"

इतक्या वर्षांत मला लोकांनी उपग्रहांबद्दल नाना प्रश्न विचारले. याच्यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

अण्णांना दुसरीच गोष्ट छळत होती. "ही लेट कामून आली?" मी म्हटलं, अण्णा, ती कधी लेट येत नसते, चुकलं असेल तर आपलं चुकलंय. ते खाली आले, पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, आणि इतके हसायला लागले की त्यांना पलंगावर बसावं लागलं. "शोभा, हे मशीन आता आपल्या घरातलं झालं गं! पाव तास पुढं!" आईला आम्ही तोंडी वेळ विचारली असती तर तिने नेहमीसारखी वजाबाकी करून सांगितली असती. पण मी विचारलं होतं घड्याळात किती वाजले.

"मला काय म्हायती," आई फणकारली. "घड्याळात व्हते तेवढे टाकले. कमी करून टाक म्हणून कुठं म्हणली ती?"

"का पोरगी जाऊ नाय म्हणून मुद्दाम टाकलेस?" अण्णांनी चिडवलं.

"मुद्दाम करायचं आसतं तर ती वायरच उपटून टाकली आसती मी," आई म्हणाली. जायचा विषय पुन्हा मध्ये येऊन बसला होता, आणि या वेळी तो हसण्यावारी नेता येणार नव्हता.

मी संगणकाची वेळ दुरुस्त करायला घेतली. आई माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. रुमाल घालण्यापुरतं सोडलं तर त्या वस्तूकडे ती पहिल्यांदा नीट बघत होती. "आत्ता कुठं गेलं ते?" मी दाखवलं, ठिपका बंगालच्या उपसागरावर पोचला होता. "आन् त्याच्या भवतीचा ह्यो गोल कशाचा?" मी म्हटलं, या गोलात जेवढी गावं येतात तेवढ्या गावांच्या आकाशात ते आत्ता वर आहे. मग मी वेळ थोडी मागे नेली, ती गच्चीवरून हाक मारत होती त्या क्षणापर्यंत. ठिपका परत आमच्या लाल ठिपक्याजवळ येऊन थांबला आणि गोलाने जवळजवळ सगळा देश झाकला. आई वाकली. "तुहं ते गाव कुठंय?" मी त्या दक्षिणेतल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले. पार खाली दुसरा लाल ठिपका उमटला. गोलाच्या चांगला आत.

"म्हंजे मी इथं बघत व्हते, तवा तिथली बाईबी हेच बघत आसंल?"

"बघत असली तर हेच. त्याच वेळी."

तिने दोन्ही ठिपके नीट बघून घेतले. मग म्हणाली, "उषीचं गाव टाकता येतं का?" मी ॲटलास उघडला. आकडे दोनदा चुकले. तिसरा लाल ठिपका उमटला. आईने बोट पुढे केलं, त्याला अजून कुरडईचा चीक लागलेला होता, आणि काचेवर एकेका ठिपक्याला ती ते लावत गेली. ही उषी, ही तू, ही मी. "तिघीबी आत हाव की गं आपण," ती म्हणाली. अण्णा पलंगावरून उठून खिडकीशी गेले आणि विनाकारण रस्त्याकडे बघत उभे राहिले. मी रडत होते आणि ते लपवायचं मला काही कारण वाटलं नाही.

"कवा निघायचंय?" आईने विचारलं. मी सांगितलं. "मंग लाडू उद्याच वळाया लागतील," म्हणून ती आत गेली.

जाण्याआधी मी तिन्ही गावांसाठी त्या स्थानकाच्या वेळा काढून ठेवल्या. आईने अट एकच घातली होती. फोनला लई पैशे पडतात, फोन नको करूस, त्या वेळेला नुसती उभी राहत जा. उषाताईलाही तिने निरोप धाडला. माझ्या तिथल्या पहिल्या आठवड्यात अशी एक संध्याकाळ आली. आषाढ लागला होता. वसतिगृहाच्या गच्चीवर मी ठरल्या वेळी गेले तर सगळं आभाळ काळं, चांदणी नाही की चंद्र नाही. तरी ते जाईपर्यंत उभी राहिले, बाकीच्या मुली मला खालून हाका मारत होत्या. दुसऱ्या दिवशी मलाच राहवेना. मी मोईनचाचांच्या दुकानात फोन लावला. चाचांनी वर हाक मारली, जिन्यावरून आईची पावलं वाजली, आणि तिने फोन घेतल्याबरोबर विचारलं, "दिसलं का?"

"नाही गं. ढग होते इथे. तुला?"

"इथं बी आभाळ गच्च. उषीनं बी मघाशी फोन केलता, तिच्याकडं तर पाऊस लागून राह्यलाय."

म्हणजे तिघींपैकी कुणालाच काही दिसलं नव्हतं. मला वाईट वाटलं, इतकी तयारी करून काय उपयोग झाला, असं मी म्हणालेसुद्धा.

"आसं कसं," आई म्हणाली. "उभ्या व्हतो की आपण तिघी."